आईचं आजारपण पाहिलेल्या मुलीने हा विषय घ्यावा का?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. आई-बाबा ऊसतोडीला जातात. मी सातवीत असताना आई रात्र रात्र झोपेनाशी झाली, कोणीतरी बोलतंय म्हणायची, अंगात यायचं. आधी देवरुषी झाले, मग दवाखाना. तिथले डॉक्टर बाबांवर ओरडले, तेव्हापासून आई तिकडे जायलाच तयार होईना. पुढे दुसऱ्या दवाखान्यातल्या एका समाजसेविका बाईंनी आम्हाला सांभाळून घेतलं. आता गोळ्या चालू आहेत, आई बरी आहे. मला समुपदेशक व्हायचंय. मैत्रीण म्हणते, अशा घरातल्या माणसाने हा विषय घेऊ नये. मामा म्हणतात, घरात हेच पाहिलंस, आता जन्मभर तेच करणार का? मुलाखतीत हे सांगावं की लपवावं?

उत्तर : आधी मैत्रिणीचं बघू. ‘अशा घरातली’ माणसं बाजूला ठेवली असती, तर महाराष्ट्रातलं मानसिक आरोग्याचं बरंचसं काम उभंच राहिलं नसतं. भार्गवी दावर यांनी लहानपणी आपल्या आईला मनोरुग्णालयात ठेवलेलं पाहिलं. पुढे त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली आणि १९९९ मध्ये पुण्यात आईच्याच नावाने बापू ट्रस्ट सुरू केला. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने त्यांना या कामात आणलं आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक म्हणून काम करताना दिसतात. नवा पेशंट ‘तुम्हाला काय कळणार’ म्हणाला, तरी समोर बसलेल्याला ते खरोखरच कळलेलं असतं.

तुझ्याकडे काय आहे, याचा तुला अजून पुरता अंदाज आलेला दिसत नाही. ‘दर महिन्याला दाखवायला या,’ असं डॉक्टर सांगतात. पण दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते. मग आई कोल्हापूर-सांगलीकडच्या, नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या तरी फडात असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघं एकच धरलेले, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, आणि दवाखान्यासाठी एक दिवस मोडला तर खाडा, म्हणजे पैसे कापले जाणार. गोळ्या संपल्या की संपल्या. केसपेपरवर मात्र एवढंच येतं की पेशंट नियमित औषध घेत नाही. शहरात वाढलेल्या डॉक्टरच्या मनात कितीही माया असली तरी हा प्रश्न त्याला सुचणं अवघड, कारण तो त्या फडावर कधी गेलेलाच नाही. तू मात्र पहिल्याच भेटीत विचारशील, ‘तोडीला कधी निघता? सोबत किती दिवसांच्या गोळ्या असतात?’ अभ्यासक्रमात ‘सांस्कृतिक जाण’ असं भारदस्त प्रकरण असतं. प्रत्यक्षात ती अशाच एखाद्या प्रश्नातून दिसते.

बाबांवर ओरडणाऱ्या डॉक्टरांचं वैद्यकीय ज्ञान खोटं नव्हतं, आईला औषधाची गरज होतीच. पण ज्याला आल्या आल्या अडाणी ठरवलं, तो पुन्हा येत नाही. म्हणून एक गृहपाठ देतो. त्या समाजसेविका बाईंनी नेमकं काय केलं, ते आठवून लिहून काढ. त्या आधी आईशी बोलल्या की बाबांशी? देवरुष्याचा विषय त्यांनी काढला की तुम्ही काढेपर्यंत थांबल्या? चांगल्या समुपदेशकाचं काम इतकं जवळून पाहायची संधी एम.ए. करणाऱ्या मुलांनाही क्वचितच मिळते. हेही ध्यानात ठेव की अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते. जत्रेत, नवरात्रात वारं येतं आणि दुसऱ्या दिवशी ती बाई नेहमीसारखी खुरपायला जाते. तिला उगाच रोगी ठरवायचं नाही. मात्र भूत काढायच्या नावाखाली कुणाला मारहाण होत असेल, तर ‘त्यांची श्रद्धा आहे’ म्हणून गप्पही बसायचं नाही. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

मामांची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही, फक्त ती जरा वेगळ्या जागी लावतो. उद्या तुझ्यासमोर तुझ्या आईच्याच वयाची, ऊसतोडीचीच बाई येऊन बसेल. झोप लागत नाही म्हणेल. तुला वाटेल, हिचं सगळं मला ठाऊक आहे, आणि तू विचारायचं थांबशील. तिची झोप कदाचित मुकादमाच्या त्रासाने उडालेली असेल, कदाचित तिशीतच गर्भपिशवी काढल्यानंतरच्या दुखण्याने. शेजारी गप्प बसलेल्या तिच्या नवऱ्यात तुला तुझे बाबा दिसतील, आणि तो तिला रोज मारतो हे तुझ्या नजरेतून निसटेल. अनुभवाने आलेली माया अशी आंधळी होऊ शकते. म्हणून या कामात सुपरव्हिजन लागते. आपल्या केसेस अनुभवी माणसापुढे मांडायच्या आणि ‘इथे तू तुझ्या आईशी बोलत होतीस’ हे ऐकून घ्यायचं. शिकत असताना स्वतःही समुपदेशन घे. सातवीतल्या त्या मुलीने बरंच काही एकटीने निभावलंय, त्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळसुद्धा नाही. जड झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. पुढे पेशंटला देणारच आहेस, तर आधी स्वतः वापरून बघायलाही हरकत नाही.

मुलाखतीचं थोडक्यात सांगतो. लपवू नकोस, पण सगळं उलगडूही नकोस. ‘घरात दीर्घ मानसिक आजार जवळून पाहिला, त्यातून उपचारांत खंड का पडतो ते कळलं,’ एवढं पुरे. यापुढचा तपशील आईचा आहे. तिला विचारल्याशिवाय तो कुणाला सांगायचा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानलेला आहे.

आता पुढची वाट. नुसत्या एम.ए.वर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. इतकी वर्षं ते प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचं एम.फिल. होतं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ते बंद होत आलंय आणि त्या जागी दुसरे अभ्यासक्रम येताहेत. त्यामुळे फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, दोन्हींची नावं तपास. घरी बसून एम.ए. करण्याचा विचार असेल तर तो सोड. २०२५ पासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत.

पण तुझं पत्र वाचून मला दुसरीच वाट जास्त जवळची वाटली : एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करून मनोसामाजिक कार्यात (सायकियाट्रिक सोशल वर्क) विशेष प्रशिक्षण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी बघतो. मनोसामाजिक कार्यकर्ता घर, काम, गाव, नातेवाईक हे सगळं बघतो, आणि तू ज्या बाईंमुळे या विषयाकडे वळलीस त्या बहुधा हेच करत होत्या. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात या कामाची पदं असतात. येत्या सुट्टीत बीडच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन या कार्यक्रमाची टीम कुठे बसते ते विचार, आणि आठवडाभर निरीक्षणाला बसू देतील का ते बघ. कॉलेजचं पत्र सोबत ने, त्याशिवाय आत घेत नाहीत. मानसशास्त्र की समाजकार्य, हे त्या आठवड्यानंतर ठरव आणि मला कळव.