समोर टॉवर झाला तर येऊरचा डोंगर किती झाकला जाईल, हे आधी कसं काढायचं?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला सोसायटीसमोर 38 मजली टॉवर येतोय, बिल्डरच्या चित्रात मागे येऊर छान दिसतो, त्यावर किती विश्वास ठेवायचा? अजिबात ठेवू नका. ती चित्रं बहुतेक वेळा हवेतून, म्हणजे माणूस कधीच उभा राहणार नाही अशा जागेवरून काढलेली असतात.

आधी उंची नीट मिळवा. 38 मजले गुणिले 3 मीटर म्हणजे 114. त्यात पोडियमचं पार्किंग, वरची टाकी, लिफ्टची खोली धरली की 140 पर्यंत सहज जातं. विमानतळ प्राधिकरणाच्या एनओसीतला (ना-हरकत दाखल्यातला) उंचीचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, त्यातून प्लॉटच्या जमिनीची उंची वजा करा. इथे हमखास घोळ होतो.

मग हिशोब. टॉवर 700 मीटरवर असेल तर 140 भागिले 700 म्हणजे 0.2. साधी पट्टी डोळ्यापासून 60 सेंटीमीटरवर उभी धरा (अंतर कायम राहावं म्हणून पट्टीला सुतळी बांधून टोक गालाशी टेकवा). टॉवर 12 सेंटीमीटर दिसेल. आता डोंगराची धार समजा डोळ्यापेक्षा 200 मीटर उंच आणि 2 किलोमीटरवर आहे: 0.1, म्हणजे पट्टीवर 6. टॉवर धारेच्या दुप्पट वर जाणार. तुमच्या जागेवरून धार अखंड राहायला इमारत 70 मीटरच्या आतच हवी. जमीन सपाट धरली आहे. प्लॉट तुमच्याहून 5 मीटर उंच असेल तर ते 5 टॉवरमध्ये मिळवा.

‘लांबून एवढं वाटणार नाही’ हे नेहमीचं उत्तर. आणखी 700 मीटर मागे जाऊन बघा: टॉवर 6, डोंगर साधारण साडेचार. टॉवर लहान झाला, पण धार तरी तुटतेच.

फोटोवर टॉवर बसवायचा असेल तर कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि लेन्स फुल फ्रेमवरची (मोठ्या, 35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरची) 50 मिमी. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण 24-26 मिमीसारखा असतो, त्यात लांबचा डोंगर निम्मा दिसतो. 2x वर ठेवलंत की बरंच जमतं. पॅनोरमा नको. फोटोत अंतर आणि मजले माहीत असलेली एक जुनी इमारत येऊ द्या, तिच्यावरून प्रमाण तपासता येतं. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असताना एक फोटो घ्या आणि एक मार्चमध्ये, कारण येऊरची बरीचशी झाडं पानगळीची आहेत आणि रस्त्याकडेची हिरवी आड तेव्हा विरळ होते.

दोन टॉवरमधल्या फटीतून डोंगर दिसेल असं सांगतील. समोरून खरंच दिसतो. पन्नास पावलं बाजूला सरकलात की फट मिटते, म्हणून चालत्या वाटेवरून चार-पाच ठिकाणं घ्याच.

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रोग्राममध्ये व्ह्यूशेडही (एका जागेवरून काय काय दिसतं त्याचा नकाशा) काढता येतो, पण 30 मीटरच्या चौकटींच्या उंची-नकाशात इमारती आणि झाडं जमिनीत मिसळलेली असतात, त्यामुळे प्रोग्राम तुम्हाला चक्क गच्चीवर उभं करतो. घोडबंदरसारख्या दाट भागात पट्टी बरी.

आता कागदाचं. खासगी खिडकीतल्या दृश्यावर भर देऊ नका; 1882 चा सुविधाधिकार कायदा उजेड-वाऱ्याबद्दल बोलतो, देखाव्याबद्दल नाही. उपवन तलावाचा काठ, बसथांबा, पादचारी पूल अशा सार्वजनिक जागा धरा. 20,000 चौरस मीटरपुढच्या बांधकामाला 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्यासोबतच्या फॉर्म 1ए मध्ये देखावा अडतो का, असं सरळ विचारलेलं आहे. उत्तर सहसा एका ओळीत उरकतात. ती ओळ शोधा आणि हरकत घेताना तिच्याशेजारी तुमचे फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश आणि वरचा गुणाकार-भागाकार जोडा.