उदार रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) स्मरणार्थ मुलींच्या वसतिगृहाला देणगी द्यायची आहे. नावाची पाटी लावावी का?

निराधार तरुण मुलींच्या वसतिगृहाला वर्षानुवर्षे मदत करणाऱ्या आपल्या परिचयातील रब्बींच्या पहिल्या पुण्यतिथीला देणगी कशी द्यावी आणि त्यांच्या नावाची पाटी लावावी का, असे आपण विचारले आहे. पाटी लावू नये. बाकीचे पुढे सांगते.

मी मूळची रेवदंड्याची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी. इस्राएलच्या दक्षिणेकडील एका गावात अशाच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षे काम केले. रब्बी म्हटले की आमच्या घरात कपाळाला आठी पडे. 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या धर्मपीठाकडून आमच्या लोकांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश निघाले, त्याविरुद्ध माझे काका 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले, आणि त्याच ऑगस्टमध्ये संसदेने आम्ही सर्व बाबतींत यहुदीच आहोत असे जाहीर केले, तरी काकांचा राग शेवटपर्यंत गेला नाही.

त्यामुळे एका शुक्रवारी दुपारी मागच्या दाराने एक वृद्ध रब्बी आत आले आणि काय कमी आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा मी गॅसवरून नजर न काढता "काही नाही" असे उत्तर दिले. पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मी चिडून सांगितले की मुली सोळा आहेत आणि हिवाळी बूट नऊच जणींना आहेत. त्यांनी बूट आणले नाहीत. गावातल्या दुकानदाराकडे पैसे भरून ठेवले आणि प्रत्येक मुलीने एकटीने जावे, हवा तो जोड निवडावा व इतर गिऱ्हाइकांप्रमाणे पावती घेऊन यावे, अशी व्यवस्था केली. एकीने उंच टाचांचे लालभडक बूट आणले. गृहमाता ते परत करायला निघाल्या, पण रब्बींनी त्यांना थांबवले. ती मुलगी हिवाळाभर तेच घालून फरशी पुसत असे.

अनाथ मुलगा आणि अनाथ मुलगी दोघेही दारी आले, तर आधी मुलीची सोय करावी, हे तालमूद या यहुदी धर्मग्रंथातले वचन मी त्यांच्याच तोंडून ऐकले. त्याच ग्रंथातल्या मार उक्वा या विद्वानांची गोष्टही त्यांनीच सांगितली. मार उक्वा रोज गरीब शेजाऱ्याच्या दाराच्या फटीत चार झूझ (त्या काळची नाणी) ठेवून जात. एकदा देणारा कोण हे पाहायला शेजारी बाहेर आला, तेव्हा त्याला ओशाळे वाटू नये म्हणून ते पत्नीसह पळाले आणि नुकतेच निखारे काढलेल्या भट्टीत लपले. त्यांचे पाय पोळले, पत्नीचे पोळले नाहीत, कारण ती घरी असे आणि भुकेल्याला तयार अन्न देई. हे सांगताना रब्बी माझ्या ओव्हनकडे पाहून म्हणाले, "हा जरा लहान पडेल, पण पोळण्याची भीती तुम्हाला नाही." मी त्या दिवशी प्रथमच त्यांना चहा विचारला.

रब्बी वारल्यावर वसतिगृहाच्या समितीने भोजनगृहात संगमरवरी पाटी बसवली आणि तिचे पैसे माझ्या धाकट्या भावाने दिले. नाव नसेल तर आठवण कशी राहणार, असे तो आजही म्हणतो. घास उचलताना आपण कोणाच्या उपकारावर जगतो हे मुलींनी रोज का वाचावे, हा माझा प्रश्न आहे. त्यावरून दोन वर्षे पेसाहच्या सणाला आम्ही एका टेबलावर बसलेलो नाही.

तेव्हा आपण बूट, चष्मे, दातांचे उपचार असा एखादा खर्च निवडून संबंधिताकडे पैसे भरून ठेवावेत. आपण इस्राएलमध्ये कर भरत असाल आणि सवलत हवी असेल, तर देणगी संस्थेच्या नावेच द्यावी लागेल. प्राप्तिकराच्या कलम 46 ची मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या 35 टक्के सूट मिळते, म्हणून मान्यता आधी विचारून घ्यावी. इमारतच बांधायची असेल, तर एका नावामागे दुसरे देणगीदार येतात हे मला मान्य करावे लागते, आणि भावाचे तेवढे म्हणणे खरे आहे. मग पाटी कार्यालयात लावावी, जेवणाच्या खोलीत नको. बुटांचे माप मात्र आपण विचारू नये, ते दुकानदार घेतो.