बेडजवळची सोनोग्राफी: रिपोर्ट का मिळाला नाही, आणि अमेरिकेहून प्रोब का आणू नये

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली: मध्यरात्री वडिलांना धाप लागली म्हणून कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने एक्स-रेची वाट न बघता टॅबला जोडलेला छोटा प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) छातीवर फिरवला, "फुप्फुसात पाणी साठतंय" म्हणाला, इंजेक्शन दिलं, प्रेशरचा मास्क लावला आणि सकाळी वडील उठून बसले. पण बिलात सोनोग्राफी नाही आणि फाइलमध्ये रिपोर्टही नाही. मग ही तपासणी खरी होती की नुसता देखावा? दुसरी: तसाच प्रोब तुमचा अमेरिकेतला मेहुणा भाच्यासाठी आणतो म्हणतोय. भाचा एमबीबीएस होऊन तालुक्याच्या गावी दवाखाना टाकतोय. आणू द्यावा का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण विमानाचं तिकीट निघालेलं असू शकतं: आणू देऊ नका. का ते खाली येईलच.

मी भूलतज्ज्ञ, बरीच वर्षं आयसीयू बघतोय. आमच्याकडे याला कुणी 'पॉकस' म्हणतं, कुणी नुसतं 'बेडसाइड सोनो'. रेडिओलॉजिस्टकडची सोनोग्राफी म्हणजे सविस्तर पाहणी. यकृतापासून मूत्राशयापर्यंत एकेक अवयव बघायचा, मापायचा, फोटो काढायचे, सहीनिशी रिपोर्ट द्यायचा. कॅज्युअल्टीतला डॉक्टर प्रोब ठेवतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच नेमका प्रश्न असतो आणि उत्तर हो, नाही किंवा कळत नाही एवढंच हवं असतं. अपघाताच्या पेशंटच्या पोटात रक्त आहे का? हृदयाभोवती पाणी साचलंय का? लघवी होत नाही ती मूत्राशय तुंबल्यामुळे की तयारच होत नाही म्हणून? उत्तर मिळालं की लगेच उपचार बदलतो. बघणारा, ठरवणारा आणि औषध देणारा माणूस एकच असतो, हा यातला खरा फरक. मशीन लहान असणं ही त्यापुढची बाब.

अपघाताच्या तपासणीला 'फास्ट' म्हणतात. १९९०च्या दशकात ट्रॉमाच्या डॉक्टरांनी ती रुळवली. जागा चारच: यकृत आणि उजव्या किडनीमधली फट, प्लीहा आणि डाव्या किडनीमधली फट, ओटीपोटाचा तळ, आणि छातीच्या हाडाखालून हृदय. आडव्या माणसाच्या पोटात रक्त सुटलं की ते आधी या खोलगट जागांत उतरतं आणि पडद्यावर काळी पट्टी दिसते. पट्टी मोठी आणि बीपी पडलेलं असेल, तर सीटी स्कॅनच्या रांगेत न थांबता सर्जनला हाक मारायची.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र फुप्फुसाची तपासणी झाली, आणि ती मला सगळ्यात आवडते. याचं कारण असं की आम्ही शिकत होतो तेव्हा फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही असंच शिकवलं जायचं. ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, परत फिरतात, मग बघणार काय? फ्रान्समधले आयसीयूचे डॉक्टर डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी त्याच परत फिरलेल्या लहरींकडे नीट बघितलं. फुप्फुस दिसत नसलं तरी पडद्यावर उमटणारे आभास तब्येतीप्रमाणे बदलतात, हे त्यांनी मांडलं.

प्रत्यक्षात दिसतं ते असं. प्रोब दोन बरगड्यांच्या मध्ये उभा धरायचा. वर दोन बरगड्यांच्या सावल्या आणि त्यांच्यामध्ये एक चकचकीत आडवी रेघ. ती फुप्फुसाच्या आवरणाची. श्वासागणिक ती रेघ पुढेमागे सरकते, झाडाच्या खोडावरून मुंग्यांची रांग चालावी तशी. रेघ सरकत नसेल तर फुप्फुस आणि छातीच्या भिंतीच्या मध्ये हवा शिरली असण्याची शंका घ्यायची. रेघेखाली ठरावीक अंतरावर तिचेच आडवे पडसाद दिसले, तर ते हवेने भरलेलं कोरडं फुप्फुस. त्यांना ए-लाइन्स म्हणतात. आणि त्या पुसून टाकत रेघेपासून पडद्याच्या तळापर्यंत प्रकाशाचे उभे झोत उतरत असतील, तर त्या बी-लाइन्स. एका फटीत तीन किंवा जास्त, आणि दोन्ही बाजूंना अनेक ठिकाणी दिसल्या, तर फुप्फुस ओलं झालंय.

आता हे तुमच्या वडिलांना लावून बघा. सत्तरीचा, पूर्वी बिडी ओढणारा, बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस मध्यरात्री धापा टाकत येतो. स्टेथोस्कोपने सूं-सूं आवाज येतो. दम्याच्या जातीच्या आजारातही तो येतो आणि हृदय थकून फुप्फुसात पाणी भरलं तरी येतो. पहिल्यात नेब्युलायझर आणि स्टेरॉइड, दुसऱ्यात लघवी वाढवणारं लॅसिक्स, रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन आणि मास्क. आडव्या पेशंटचा पोर्टेबल एक्स-रे येईपर्यंत अर्धा तास जातो आणि तोही अनेकदा धूसर असतो. प्रोब ठेवल्यावर दोन-तीन मिनिटांत बी-लाइन्स दिसल्या, पुढे हृदयावर प्रोब नेऊन डावा कप्पा कसाबसा आकुंचन पावताना दिसला, की डॉक्टरचा हात आत्मविश्वासाने लॅसिक्सकडे जातो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं. देखावा नव्हता.

"मग पाणी काढलं का नाही?" असंही तुम्ही विचारलंय. हे पाणी फुप्फुसाच्या आत, स्पंज भिजल्यासारखं असतं. ते सुई घालून निघत नाही, लघवीवाटेच काढावं लागतं. सुईने काढतात ते फुप्फुसाच्या बाहेर, आवरणांच्या मध्ये साचलेलं.

याच्या अचूकतेबद्दल आकडे सांगतो, पण पूर्ण सांगतो. लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये 'ब्लू प्रोटोकॉल' नावाने अभ्यास छापला. धाप लागून आयसीयूत आलेल्या २६० पेशंटमध्ये प्रोबने केलेलं निदान ९०.५ टक्के वेळा बरोबर ठरलं. परिषदांमध्ये हा आकडा मोठ्या टायपात दाखवतात. मूळ पेशंट ३०१ होते, ४१ वगळले, हे कुणी दाखवत नाही. वगळलेले कोण, तर ज्यांचं निदान शेवटपर्यंत ठरलं नाही, ज्यांना एकाहून जास्त आजार होते किंवा दुर्मीळ आजार होता ते. आणि आपल्या वॉर्डात रात्री येणारा म्हातारा माणूस नेमका तोच असतो: थोडा दमा, थोडं हृदय, वर न्यूमोनिया. बी-लाइन्स न्यूमोनियात आणि फुप्फुस घट्ट होण्याच्या आजारातही दिसतात. म्हणून मी ज्युनियरना म्हणतो, रेघा मोजायच्या आधी पेशंटला विचारा, उताणं झोपवतं का, पायाला सूज कधीपासून.

छातीत हवा शिरली का हे बघायला मात्र हा प्रोब फार चांगला. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेला आढावा), अपघाताच्या पेशंटमध्ये प्रोबने १०० पैकी सुमारे ९१ वेळा ती पकडली, आडव्या एक्स-रेने सुमारे ४७ वेळा. इथे वाद उरलेला नाही.

मानेतून सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत औषधाची नळी, टाकतानाही तसंच. पूर्वी आम्ही हाडांच्या खुणांवरून अंदाजाने सुई घालायचो. आता प्रोबने हलकेच दाबायचं. मिटते ती शीर, न मिटता धडधडत राहते ती रोहिणी. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००२ मध्येच याची शिफारस केली. डेंग्यूच्या दिवसांत तर प्रोब माझ्या खिशातच असतो. प्लेटलेटच्या आकड्यावर नातेवाइकांची नजर असते, माझी असते ती छातीच्या तळाशी पाणी उतरतंय का आणि पित्ताशयाची भिंत सुजतेय का यावर. संध्याकाळी परत, रात्री परत. सलाईन वाढवायचं की आवरायचं हे त्या बदलावरून ठरवायला मदत होते. पुन्हा पुन्हा बघता येणं, तेही पेशंट न हलवता आणि किरणोत्साराशिवाय, हे रेडिओलॉजी विभागात शक्य नसतं.

मशीनचा प्रवास थोडक्यात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून रणांगणावर नेता येईल अशा यंत्राचं काम झालं, त्यातून १९९९ मध्ये सोनोसाइटचं हातात धरायचं मशीन बाजारात आलं. २०१०च्या सुमारास जीईचं खिशात मावणारं व्हीस्कॅन आलं. २०१७ मध्ये 'बटरफ्लाय'च्या प्रोबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. स्फटिकांऐवजी चिप, एकच प्रोब सगळ्या शरीराला, किंमत दोन हजार डॉलरच्या आत. मग कोविड आला, पेशंटला एक्स-रेपर्यंत नेणंच धोक्याचं झालं आणि ज्यांनी कधी प्रोब धरला नव्हता तेही छातीवर फिरवायला लागले.

इथेच माझी कुरकुर सुरू होते. मशीन स्वस्त झालं, नजर स्वस्त झाली नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेचा दंडक असा की प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० स्कॅन कुणी जाणत्याने तपासून दिलेले हवेत. आपल्याकडे शनिवार-रविवारची कार्यशाळा, जेवण, प्रमाणपत्र आणि सोमवारी प्रोब हातात. इसीआरआय या अमेरिकी संस्थेने २०२० सालच्या वैद्यकीय तंत्रज्ञानातल्या धोक्यांच्या यादीत बेडजवळच्या सोनोग्राफीचा बेशिस्त प्रसार दुसऱ्या क्रमांकावर ठेवला होता. तो उगीच नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती 'नाही' या उत्तरात. पोटात काळी पट्टी दिसली तर रक्त आहे असं धरून चालता येतं. दिसली नाही याचा अर्थ आत्ता, या चार जागांत, दिसण्याइतकं नाही, एवढाच. आतड्याला भोक पडलेलं असू शकतं. हृदयविकाराचा झटका आलेल्याचं हृदय प्रोबखाली झकास आकुंचन पावताना दिसू शकतं. ईसीजी आणि ट्रोपोनिन (झटक्यासाठीची रक्ततपासणी) बाजूला सारून "मी इको केला, नॉर्मल आहे" असं म्हणणारा डॉक्टर भेटला तर सावध व्हा.

आणि प्रोबमुळे माणसं वाचतातच का? २०१८ मध्ये शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळून, आलेल्या सुमारे २७० पेशंटवर कॅनडा, दक्षिण आफ्रिका वगैरे ठिकाणी चाचणी झाली. निम्म्यांना सुरुवातीलाच प्रोब, निम्म्यांना नाही. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, निदान लवकर झालं तरी पुढचे उपचार तेच असतील तर निकाल कसा बदलणार? हृदय बंद पडल्यावर छातीदाबणी चालू असताना तर प्रोब अडथळाही ठरतो. नाडी बघायला दहा सेकंदांहून जास्त थांबू नये असा नियम आहे. २०१७च्या एका लहान अभ्यासात प्रोब वापरला तेव्हा सरासरी २१ सेकंद थांबले, एरवी १३. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी: दाबणी चालू असतानाच प्रोब जागेवर धरून ठेवायचा, थांबल्यावर फक्त क्लिप रेकॉर्ड करायची, एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, आणि दाबणी परत सुरू झाल्यावर क्लिप बघायची.

आता रिपोर्ट. वेगळा रिपोर्ट नाही यात गैर काही नाही, डॉक्टर स्टेथोस्कोपने ऐकलेल्याचाही वेगळा कागद देत नाही. पण काय बघितलं, काय दिसलं, किती वाजता, हे केसपेपरवर यायला हवं आणि जमल्यास क्लिप साठवायला हवी. ते नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

आणि मेहुण्याचा प्रोब. आपल्याकडे सोनोग्राफीचं कुठलंही मशीन पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी, कायद्याखाली येतं, मग ते फक्त पुरुषांच्या छातीवर वापरायचं असलं तरी. जागा नोंदवावी लागते, मशीन नोंदवावं लागतं, वापरणाऱ्याची पात्रता बघितली जाते. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम २०१४ मध्ये आले आहेत. नोंदणी नसलेल्याला मशीन विकणंही गुन्हा आहे. पोर्टेबल मशीनवर २०१२ पासून आणखी बंधनं आहेत: नोंदवलेल्या जागेतच, दाखल पेशंटसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. भाच्याकडे ओपीडी आहे, खाटा नाहीत. बॅगेतून आलेला प्रोब त्याच्या टेबलावर सापडला तर जप्ती, खटला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मेडिकल कौन्सिलची कारवाई, सगळं संभवतं. "मी तर फक्त न्यूमोनिया बघत होतो" हे तिथे चालत नाही. गर्भवतीची सोनोग्राफी केली तर फॉर्म एफ (त्या तपासणीच्या नोंदीचा सक्तीचा फॉर्म) आलाच, आणि त्यातली त्रुटी ही नुसती कारकुनी चूक नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

डॉक्टर मंडळी या कायद्यावर वैतागतात, मीही वैतागतो. पण तो हवेतून आला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला आणि तरी २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. ते पाप आमच्याच धंद्यातल्या लोकांनी याच मशीनने केलं. माझं मत असं की फक्त फुप्फुस आणि शिरा बघू देणारं, कुलूपबंद सॉफ्टवेअरचं मशीन वेगळ्या वर्गात टाकता येईल आणि तसा बदल व्हायला हवा. तो होईपर्यंत आहे तो कायदा पाळायचा.

भाच्याला खरंच शिकायचं असेल तर एखाद्या चांगल्या इमर्जन्सी विभागात वर्षभर नोकरी करू दे, नोंदवलेल्या मशीनवर, कुणाच्या तरी नजरेखाली. आणि वडिलांचा रीतसर २डी इको अजून झाला नसेल तर या आठवड्यात कार्डिओलॉजिस्टकडून करून घ्या. रात्रीच्या प्रोबने हृदय थकलंय एवढं कळलं; झडप गळतेय की रक्तवाहिनी तुंबलीय ते त्याने कळलेलं नाही, आणि पुढची गोळी त्यावर ठरणार आहे.