जुनी हायब्रिड गाडी संस्थेला देण्यापूर्वी

तुमच्या २००८ सालच्या टोयोटा प्रियस या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज या दोन्हींवर चालणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण लागला आहे, मेकॅनिकने हायब्रिड बॅटरी बदलायला सांगितली आहे, गाडीचे वय पाहता तो खर्च तुम्हाला पटत नाही, आणि म्हणून ती एखाद्या धर्मादाय संस्थेला देऊन करात वजावट घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. अमेरिकेत गाडी दान करणे फार सोपे आहे. एक फोन केला की टो ट्रक दारात येतो. त्या सोपेपणामुळेच गाडीचे पुढे काय होते हे बहुतेक दाते विचारत नाहीत, आणि माझ्या मते निर्णय नेमका त्याच गोष्टीवरून घ्यायला हवा.

सार्वजनिक रेडिओ केंद्रांपासून छोट्या स्थानिक संस्थांपर्यंत बहुतेक जण दानात आलेल्या गाड्या स्वतः हाताळत नाहीत. त्यांच्या वतीने एखादी व्यावसायिक कंपनी गाडी उचलते, लिलावात विकते आणि टोइंगचा व स्वतःचा खर्च कापून घेऊन उरलेली रक्कम संस्थेला देते. यात गैर काही नाही, कारण छोट्या संस्थेला एरवी हे काम जमलेच नसते. पण गाडी जितकी स्वस्तात विकली जाईल तितका या खर्चाचा वाटा मोठा होतो. हायब्रिड बॅटरीचा दोष दाखवणारी गाडी लिलावात जवळजवळ भंगाराच्या भावाने जाते, कारण बोली लावणाऱ्याला दोष किती खोल आहे हे पाहण्याची संधी नसते.

म्हणून आधी दोष नीट समजून घ्या. तुमच्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटरीचे २८ छोटे भाग (मॉड्यूल) एकापुढे एक जोडून २०१.६ व्होल्टचा पॅक तयार केलेला असतो, आणि त्यातले एक-दोन मॉड्यूल कमजोर झाले तरी संगणक पूर्ण पॅक बदलण्याचा इशारा देतो. मेकॅनिकला गाडीच्या संगणकात दोषाचा कोणता कोड मिळाला ते लेखी घ्या. पी०ए८० हा कोड पॅकच्या ऱ्हासाचा आहे. मात्र मागच्या कोपऱ्यातली छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरल्यानेही या गाडीत नाना प्रकारचे दिवे लागतात, आणि ती बदलणे हे अगदी किरकोळ काम आहे. मागच्या सीटशेजारच्या हवेच्या जाळीत केस आणि धूळ साचली असेल तर पॅक तापतो, तेही पाहून घ्या. नारिंगी केबल असलेल्या कोणत्याही भागाला स्वतः हात लावू नका. तो उच्च दाबाचा विद्युतप्रवाह जीवघेणा असतो.

पॅक खरोखरच गेला असला तरी गाडी निरुपयोगी ठरत नाही. जुने पॅक उघडून त्यातली चांगली मॉड्यूल पुन्हा वापरणारे कारागीर आहेत, त्यामुळे बंद पॅकलाही किंमत येते. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते. प्रियसचे कन्व्हर्टर चोरीला जातात ते याच धातूंसाठी. हायब्रिड गाड्यांचेच काम करणाऱ्या दोन-तीन स्वतंत्र वर्कशॉपकडे ‘आहे त्या स्थितीत’ काय किंमत देता, असे विचारा. लिलावातून संस्थेच्या हाती पडेल त्यापेक्षा ही रक्कम बरीच जास्त असू शकते, आणि तसे असेल तर गाडी विकून त्या रकमेचा चेक संस्थेला देणे हेच मला अधिक योग्य दान वाटते.

कराचे नियमही याच बाजूने झुकतात. २००५ पूर्वी दाते जुन्या गाड्यांच्या किमतींच्या पुस्तकातली रक्कम बिनदिक्कत वजावटीत दाखवत असत. त्या वर्षापासून, संस्थेने गाडी नुसती विकली आणि दावा ५०० डॉलरच्या वर असेल, तर वजावट प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेइतकीच मिळते, आणि त्यासाठी विक्रीनंतर ३० दिवसांत संस्थेने दिलेला फॉर्म १०९८-सी विवरणपत्राला जोडावा लागतो. गाडी ५०० डॉलर किंवा त्याहून कमी किमतीला विकली गेली, तर बाजारभाव किंवा ५०० डॉलर यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी वजावट मिळते. हे सारे वजावटी आयटमाइझ करणाऱ्यांसाठी, म्हणजे ठरावीक रकमेची सरसकट वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) न घेता एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांसाठी आहे. २०२५ सालचे स्टँडर्ड डिडक्शन एकट्या व्यक्तीला १५,७५० आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला ३१,५०० डॉलर होते. तुमच्या आयटमाइझ केलेल्या वजावटी त्या-त्या वर्षीच्या स्टँडर्ड डिडक्शनच्या पुढे जात नसतील, तर गाडीच्या दानाने तुमचा कर एक डॉलरनेही कमी होत नाही. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्यांनाही दानाची वजावट मिळते, व्यक्तीला १,००० आणि दांपत्याला २,००० डॉलरपर्यंत. परंतु ती फक्त रोख स्वरूपाच्या दानाला आहे, म्हणजे चेक त्यात बसतो आणि गाडी बसत नाही. स्वतःच्या वापराची गाडी खरेदीच्या किमतीहून कमी भावाने विकल्यास त्या विक्रीवर करही लागत नाही.

गाडीच द्यायची तुमची मनापासून इच्छा असेल, तर ती वापरणारी संस्था शोधा. मेरीलँडमधील ‘व्हेइकल्स फॉर चेंज’ दानात आलेल्या गाड्या दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना देते आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना दुरुस्तीचे प्रशिक्षणही देते. नोकरीला जायला बस नसलेल्या माणसाच्या हाती चालती गाडी पडणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे वेगळे सांगायला नको. वाहनदुरुस्ती शिकवणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांनाही विचारून पाहा, कारण दोष असलेली हायब्रिड गाडी विद्यार्थ्यांच्या कामाची असते. संस्था गाडी स्वतःच्या कार्यात भरपूर वापरणार असेल, तिची किंमत वाढवणारी मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा गरजू व्यक्तीला बाजारभावाहून बऱ्याच कमी किमतीत देणार असेल, तर विक्रीच्या रकमेची मर्यादा लागू होत नाही आणि बाजारभावाइतकी वजावट घेता येते. नुसती धुलाई आणि रंगकाम मोठ्या दुरुस्तीत धरत नाहीत. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करकायद्याने मान्य केलेली धर्मादाय संस्था आहे का, हे आयआरएस या अमेरिकी करखात्याच्या शोधसुविधेत आधी तपासा आणि गाडीचे नेमके काय करणार हे लेखी मागा.

टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) विकत घेणाऱ्याची जागा कोरी सोडून सही करू नका, तिथे संस्थेचे नाव लिहा. अन्यथा पुढचे पार्किंगचे दंड तुमच्याच नावावर येत राहतील. कॅलिफोर्नियात मालकी सोडल्याची सूचना ५ दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन विभागाला द्यावी लागते. विमा हस्तांतरणाची नोंद झाल्यावरच बंद करा, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याआधी नंबर प्लेट परत करा. टोलचे उपकरण काढून घ्या, गाडीत साठवलेले घराचे पत्ते आणि फोन नंबर पुसून टाका, आणि टो ट्रकवाल्याला गाडी सपाट ट्रकवर किंवा पुढची चाके उचलून न्यायला सांगा, कारण पुढची चाके रस्त्यावर फिरत राहिली तर त्यांच्याबरोबर मोटर-जनरेटरही फिरतो आणि शाबूत असलेला भागही खराब होऊ शकतो.