कपाट स्वतः करायचं की सुताराकडून? आधी भाड्याचा हिशोब मांडा

प्रश्न: मी ३६ वर्षांचा, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स विभागात आहे. पत्नी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून १,१०,००० रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता ३६,०००, भोसरीतल्या घराचं भाडं १८,०००, एसआयपी १२,००० आणि घरखर्च साधारण ३६,०००. चिंचवडच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय, पण फर्निचर झाल्यावरच राहायला जायचं ठरवलंय. दोन कपाटं, बेड, टीव्ही युनिट, अभ्यासाचं टेबल आणि चपलांचा रॅक यांचं सुताराचं कोटेशन ३,८०,००० आहे. मला सुतारकामाची आवड आहे. साहित्य १,६०,००० आणि हत्यारं ८५,००० धरली तरी १,३५,००० वाचतात. फर्निचरसाठी २,७५,००० बाजूला काढलेत, शिवाय तीन लाखांची एफडी आहे. हत्यारं नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊन एसआयपी दहा महिने थांबवावी का? आणि फर्निचरच्या खर्चावर करात सवलत मिळते का?

उत्तर: तुमची आकडेमोड नीटनेटकी आहे, फक्त तिच्यात भाडं कुठेच नाही. हा सगळा निर्णय त्या १८,००० रुपयांभोवती फिरतो. पण आधी १,३५,००० च्या बचतीकडे बघू.

तुम्ही पाठवलेल्या यादीत प्लाय आणि लॅमिनेट आहे. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, हँडल, कुलपं नाहीत. सहा वस्तूंचं हे सामान जरा बऱ्यापैकी घेतलं तरी मी ३०,००० धरेन. फेव्हिकॉल, स्क्रू, पॉलिश पेपर, पाती, टेम्पो आणि हमाली मिळून आणखी १६,०००. उरली नासाडी. तुमच्या कपाटाच्या स्केचमध्ये आठ बाय चारच्या शीटमधून दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात असं दाखवलंय. कागदावर निघतात. प्रत्यक्षात पातं दोन-तीन मिलीमीटर प्लाय खातं आणि दोन्ही पट्ट्या दोन फुटाला मिलीमीटरभर कमी भरतात. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर वेगळ्या मापाने कापलीत की खोकं गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही, आणि खोकं गुण्यात नसेल तर दारं एका रेषेत बसत नाहीत. ते दार पुन्हा करायचं म्हणजे नवीन शीट आली. लॅमिनेटचंही तसंच. बाहेरून चिकटवलं आणि आतून काहीच लावलं नाही तर सात फुटी दार काही महिन्यांत बाक धरतं. सराईत सुतारसुद्धा नासाडी धरूनच माल मागवतो. तुमच्यासाठी मी १५ टक्के, म्हणजे २४,००० धरतो.

एकूण ७०,००० वाढले. बचत उरली ६५,०००.

आता वेळ. सुतार दोन माणसं लावून हे काम पाच-सहा आठवड्यांत उरकतो. तुम्हाला सुट्टी गुरुवारची. सोसायटीने ठोकाठोकीला सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच मुभा दिलीय, असं तुम्हीच लिहिलंय. चार महिन्यांत गुरुवार पडतात सतरा, त्यातून सणवार, शाळेतली पालकसभा आणि लग्नकार्यं वजा करा. एवढ्यात दोन पूर्ण उंचीची कपाटं आणि बेड पहिल्यांदाच करणाऱ्याच्या हातून होतील, यावर मी तरी पैज लावणार नाही. सुतारापेक्षा साडेतीन महिने जास्त लागले की भाड्यातच ६३,००० जातात. म्हणजे बचत संपली. त्यापुढचा प्रत्येक महिना खिशातून १८,००० घेऊन जाणार, आणि नव्या घराचा हप्ता तुम्ही तिथे न राहताही भरत राहणार.

याहून महागडं वळणही आहे आणि ते बऱ्याच घरांत बघायला मिळतं. हत्यारं आली, एक कपाट अर्धवट झालं, घरातल्यांचा धीर सुटला आणि शेवटी सुतारालाच बोलावलं. दुसऱ्याचं अर्धवट काम पुरं करायला कुठलाही सुतार खुशीने हात घालत नाही. तो ते मोडून नव्याने करतो आणि तसेच पैसे लावतो.

तरी मी तुम्हाला सरसकट नको म्हणणार नाही. मेंटेनन्समध्ये काम करणाऱ्याला माप, ड्रिल आणि धीर यांची सवय असते, हे भांडवल खरं आहे. फक्त क्रम बदला.

दोन्ही कपाटं आणि बेड सुताराला द्या. तुमच्या कोटेशनमध्ये या तिन्हींचे २,६०,००० आहेत, आणि तेवढे पैसे बाजूला काढलेलेच आहेत. कोटेशनवर नुसतं ‘चांगला प्लाय’ चालवून घेऊ नका. जाडी १८ मिमी, आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा प्लाय), आणि बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटाला आयएस ७१० (मरीन प्लाय) असं लिहून घ्या आणि माल आल्यावर शीटवरचा शिक्का स्वतः बघा. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, शेवटचे दहा टक्के दारं बसल्यावर. कपाटं उभी राहिली की लगेच राहायला जा. टीव्ही काही महिने जुन्या टेबलावर राहिला तर कुणाचं काही अडत नाही, कपडे मात्र खोक्यांत राहू शकत नाहीत.

टीव्ही युनिट, टेबल आणि रॅक तुमचे. कोटेशनमध्ये त्यांचे १,२०,००० आहेत. सगळं धरून साहित्य साधारण ६५,००० ला पडेल. हत्यारांची यादी मात्र ८५,००० वरून २५,००० वर आणा. राउटर (लाकडात खाचा पाडणारं यंत्र) आणि टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत) आज नकोत. पुण्यात अनेक प्लायवाले पॅनेल सॉवर, म्हणजे शीट कापायच्या मोठ्या मशीनवर, दिलेल्या मापाने कापून देतात, काही जण एज बँडिंगही (कडांना पट्टी चिकटवणं) करून देतात; कापाईचे पैसे तुमच्या एका वाया गेलेल्या शीटपेक्षा कमी असतात. म्हणजे तुमच्याकडे चांगलं ड्रिल, जिगसॉ, छोटा सँडर, गुण्या, पटाशी आणि भरपूर क्लॅम्प असले की भागतं. क्लॅम्प नवीनच हवेत असं नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारा, लोखंडी क्लॅम्प आणि रंधे तिथे दिसतात. तुमची सुट्टी गुरुवारची, तेव्हा बुधवारी पहिली पाळी मागून घ्यावी लागेल, एवढीच काय ती अडचण. सुरुवात रॅकपासून करा. त्याची फळी वाकडी बसली तर चपला तक्रार करत नाहीत.

या वाटेने वाचतात ३०,०००, आणि हत्यारं तुमच्याकडे राहतात. तुमच्या १,३५,००० पुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण हे पैसे खरोखर हातात राहतात.

पैसा कुठून आणायचा? नव्या घरात गेल्यावर भाड्याचे १८,००० सुटतात, सोसायटीचे ३,५०० वजा जाता १४,५०० उरतात. सुताराचे पैसे भागवून राहिलेले १५,००० आणि सुटलेलं पहिल्या महिन्याचं भाडं यांत हत्यारं येतात. पुढे महिन्याला जमेल तेवढं साहित्य. पाच महिन्यांत तिन्ही वस्तूंचा माल रोखीने होतो आणि घाईही नाही.

मग नो-कॉस्ट ईएमआयची गरजच उरत नाही, आणि ते बरंच आहे. व्याजाइतकी सूट दाखवली जाते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, बऱ्याचदा प्रोसेसिंग फीही. ८५,००० चा वर्षाचा हप्ता महिना ७,१०० च्या आसपास येतो आणि आज तुमच्याकडे सगळं भागवून उरतात आठ हजार.

एसआयपी थांबवू नका. दहा महिन्यांच्या १,२०,००० चे १२ टक्क्यांनी पंधरा वर्षांत साडेसहा लाख होतात असं गणित मांडता येतं, पण १२ टक्क्यांची हमी कुणी देत नाही, त्यामुळे त्याने तुम्हाला घाबरवत नाही. माझी भीती साधी आहे: दहा महिन्यांसाठी थांबवलेली एसआयपी अकराव्या महिन्यात क्वचितच सुरू होते. एफडीलाही हात नको. नव्या घरात गेल्यावर तुमचा आवश्यक खर्च ७५,५०० होईल, म्हणजे तीन लाख जेमतेम चार महिने पुरतील. खरं तर ते सहा महिन्यांपर्यंत न्यायला हवेत.

ड्रिल हातात घेण्याआधी एक काम करा. कंपनीच्या आरोग्य विम्यात हॉस्पिटलचं बिल निघतं, पण बोट दुखावून पगार बुडाला तर तो भरून मिळत नाही. तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, आणि गॉगल व मास्कचे पैसे त्या २५,००० मध्येच धरा.

करसवलतीचं उत्तर नाही असं आहे. गृहकर्जाच्या व्याजावर सवलत मिळते, पण राहत्या घरासाठी ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि वर्षाला दोन लाखांपर्यंत. घरच्या वापराचं फर्निचर कराच्या दृष्टीने वैयक्तिक वस्तू आहे. पुढे विकलंत तर नफ्यावर कर नाही आणि तोटाही दाखवता येत नाही. प्लाय आणि चॅनेलची बिलं मात्र ठेवा, वॉरंटी मागायला तीच लागतात.