प्रेमचंदांच्या कथा शाळेनंतर पुन्हा वाचाव्यात का?

तुम्ही विचारलंय की शाळेच्या हिंदीच्या पुस्तकात 'ईदगाह' वाचली होती, तेव्हा ती एका गुणी पोराची गोष्ट वाटली. आता मोठेपणी प्रेमचंद पुन्हा हातात घ्यावेत का, आणि घेतले तर सुरुवात कुठून करावी?

घ्याच. फक्त एक करा, कथेत पैशांचा आकडा आला की तिथे थांबा. तो कुठून आला, कुठे गेला, मागे किती उरला हे बघा. मला प्रेमचंद खरे उलगडले ते या आकड्यांमुळे. गरिबीवर लिहिणारे पुष्कळ झाले, पण हा माणूस गरिबाचा हिशेब पैशापैशाने मांडतो आणि वाचणाऱ्याने रडावं म्हणून वर काही बोलत नाही.

'ईदगाह'च घ्या. अमीना आजीला कुणाचे तरी कपडे शिवून आठ आणे मिळालेले असतात. ईदेसाठी ते जपून ठेवलेले, पण दूधवाली दारात उभी राहते आणि शेवटी उरतात दोन आणे. तेव्हा आण्याला चार पैसे, म्हणजे घरात एकूण आठ पैसे. त्यातले तीन नातवाच्या, हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. त्या पाच पैशांत सण करायचा, शिवाय धोबीण, न्हावीण, कासारीण सगळ्या येणार, सगळ्यांना शेवया द्यायच्या. आता हामिदचा चिमटा बघा, भाकरी उतरवताना आजीचे हात भाजतात म्हणून तो जत्रेत घेतो तो. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, पोरगा तीनला मागतो आणि मिळवतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात घराच्या पुंजीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग होता! शाळेत आपल्याला त्यातला त्याग शिकवला. पण आजीने उपाशीपोटी ते तीन पैसे जत्रेला दिले, हे कुणी मोजून दाखवलं नाही.

मी खानदेशातल्या पारोळा तालुक्यातला. घरी कापूस, थोडी दादर ज्वारी, पाणी असेल त्या वर्षी गहू-हरभरा. त्यामुळे 'पूस की रात' मी जरा वेगळ्या कानांनी ऐकतो. हल्कूने मजुरीतून पैसा पैसा वाचवून कांबळ्यासाठी तीन रुपये साठवलेले असतात. वसुलीला माणूस दारात येतो आणि ते तीन रुपये जातात. बायको मुन्नी विचारते की कांबळं कुठून येणार, ही शेती सोडून का देत नाही? मग पौषातली रात्र, अंगावर जुनी चादर, सोबत जबरा कुत्रा. थंडी असह्य होते तेव्हा हल्कू आमराईतला पाला गोळा करून शेकोटी करतो. पुढे शेतात नीलगायी शिरतात. आमच्याकडे त्यांना रोही म्हणतात, आणि रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला की सकाळी काय उरतं ते मला सांगावं लागत नाही. जबरा भुंकत राहतो, हल्कूला पीक चरल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, तो उठून दोन-तीन पावलं जातो आणि वाऱ्याचा झोत लागताच परत राखेजवळ येऊन बसतो. सकाळी शेत साफ. मुन्नी म्हणते, आता मजुरी करून सारा भरावा लागेल. आणि हल्कू खुशीत म्हणतो की रात्री थंडीत इथे झोपावं तर लागणार नाही.

ही कथा 1930 ची. परीक्षेच्या गाईडात हल्कूला 'परिस्थितीने हरलेला शेतकरी' म्हणतात. मला ते पटत नाही. मी ही कथा आमच्या आबांना वाचून दाखवली होती. आबांची उमर रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरण्यात गेली, डिसेंबर-जानेवारीत, पाय चिखलात. ते शेवट ऐकून एवढंच म्हणाले, "बरं करं त्यानी." मला वाटतं ते बरोबर बोलले. ज्या पिकाचा दाणा घरात येणारच नाही, त्याच्यासाठी रात्रभर का गोठायचं? हल्कूने अख्ख्या कथेत स्वतःसाठी केलेला हा एकच हिशेब आहे आणि तो चुकलेला नाही.

याच्या जोडीला 'सवा सेर गेहूँ' वाचा. दारी साधू आला, घरात गव्हाचं पीठ नाही, म्हणून शंकर नावाचा शेतकरी गावच्या भटजीकडून सव्वा शेर गहू उसना आणतो. पुढे खळ्यावर नेहमीपेक्षा जास्त धान्य देतो आणि फिटलं असं समजतो. सात वर्षांनी भटजी, जो आता सावकार झालाय, साडेपाच मण मागतो. चाळीस शेरांचा मण धरला तर हे 176 पट होतात. त्याची किंमत लावून 60 रुपयांचा कागद होतो. शंकर जिवाच्या आकांताने वर्षभरात 60 रुपये जमवतो, तोवर व्याज चढलेलं असतं. मग वीस वर्षं त्याच्या घरी राबतो आणि मरतो तेव्हाही नावावर 120 रुपये शिल्लक असतात, म्हणून पोराला धरलं जातं. कृषी केंद्रातून बियाणं-खत उधार आणायचं आणि गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याने तो मोजला की चुकतं करायचं, या चक्रातून गेलेल्या कुणालाही ही कथा जुनी वाटणार नाही.

हे सगळं त्यांना सुचलं कुठून? 1880 मध्ये बनारसजवळच्या लमहीत जन्म, मग शिक्षण खात्यातली नोकरी, 1921 मध्ये गांधीजींच्या हाकेवर ती सोडली, आणि त्यानंतर 1936 मध्ये मरेपर्यंत पैशांची ओढाताण. 'हंस' मासिक तोट्यात चालवलं, सिनेमासाठी लिहायला मुंबईलाही येऊन गेले. उधारी काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सगळ्याच कथा या तोडीच्या नाहीत. 'नमक का दारोगा'मध्ये ज्या श्रीमंताला पकडलं तोच शेवटी दारोग्याच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन त्याला नोकरी देतो. 'पंच परमेश्वर'मध्ये पंचाच्या जागेवर बसताच माणसाचं मन बदलतं. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच कथांत असं हृदयपरिवर्तन आहे. वाचायला बरं वाटतं, पण मला त्यावर विश्वास ठेवता येत नाही. 1930 नंतरच्या कथांत हा दिलासा त्यांनी जवळपास काढून घेतला.

'कफन'बद्दल सांभाळून सांगतो. घीसू आणि माधव बाहेर चोरलेले बटाटे भाजून खातायत, आत माधवची बायको बुधिया बाळंतपणात तडफडतेय, आणि आपण उठलो तर बाप घीसू जास्त बटाटे खाईल म्हणून माधव आत जात नाही. ती मरते. कफनासाठी गावातून तासाभरात पाच रुपये जमतात आणि ते दोघे दारू-पुरीवर उडवतात. दलित लेखकांनी या कथेवर कडक आक्षेप घेतलेत की ज्या दलित समाजाला गावाने माणूस मानलं नाही, त्यालाच इथे माणुसकीशून्य दाखवलंय. तो आक्षेप मनात ठेवूनच ती वाचावी. मला त्यात सर्वांत जास्त बोचतं ते घीसूचं एक बोलणं. तो म्हणतो, हेच पाच रुपये आधी मिळाले असते तर काही औषधपाणी केलं असतं.

'सद्गति'ही सोडू नका. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला पंडिताकडे जातो. जाण्याआधी बायकोला शिधा सांगतो, शेरभर पीठ, अर्धा शेर तांदूळ, पावभर डाळ, अर्धा पाव तूप, मीठ, हळद, कडेला चार आणे. एवढी तयारी करणारा माणूस पंडिताच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. सत्यजित राय यांनी 1981 मध्ये यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. दुखीच्या बायकोच्या भूमिकेत आमच्या शिरपूरच्या पाटील घराण्यातली स्मिता आहे. आधी कथा वाचा, मग तो बघा.

क्रम विचाराल तर आधी 'ईदगाह' पुन्हा, मग 'पूस की रात', 'सवा सेर गेहूँ', 'सद्गति' आणि शेवटी 'कफन'. एका दिवसात एकच. हिंदीतच वाचा, शाळेपुरती हिंदी येत असेल तरी अडत नाही. यातल्या बहुतेक कथा 'मानसरोवर'च्या आठ भागांत मिळतात आणि कॉपीराइटची मुदत संपल्यामुळे फुकटातही वाचता येतात. घरात शेती केलेलं कुणी जुनं माणूस असेल, तर 'पूस की रात' त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते इथे जरूर लिहा.