नवीन प्राथमिक शिक्षिकेने कोणती ऑनलाइन साधने वापरावीत आणि शिक्षकांपुढचे सध्याचे खरे प्रश्न कोणते?

प्रश्नाखालच्या तपशिलात तुम्ही लिहिले आहे की तुम्ही जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक म्हणून नुकत्याच रुजू झाल्या आहात आणि ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ होण्यासाठी कोणत्या संकेतस्थळांपासून सुरुवात करावी, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. ‘तंत्रस्नेही’ हा शब्द वाचला नसता, तर मी पाच-सहा नावे लिहून मोकळा झालो असतो. परंतु याच शब्दावरून 2017 मध्ये भर शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीत, माझा अपमान झाला होता आणि तो वाद माझ्या मनात अजून मिटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

मी 2003 मध्ये महिना 3,000 रुपये मानधनावर बीड जिल्ह्यात शिक्षणसेवक म्हणून लागलो. (तुम्हाला 16,000 मिळतात आणि तेही पुरत नाहीत, याची मला कल्पना आहे.) ज्या गावाविषयी सांगणार आहे ते बालाघाटच्या डोंगरात आहे. दिवाळी झाली की तेथे म्हातारी माणसे, कुत्री आणि शाळा एवढेच मागे राहते. बाकीचे गाव ऊसतोडीला जाते. पटावर 44 मुले असत आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात वर्गात 17 बसत.

22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्यात भर होता तो प्रत्येक मूल शिकले पाहिजे यावर, पण तो केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) पातळीवर उतरेपर्यंत त्याचा टीव्ही झाला. किती शाळा ‘डिजिटल’ झाल्या याचे तक्ते मागितले जाऊ लागले आणि त्यासाठी लागणारा पैसा लोकवर्गणीतून उभा करावा, असे ठरले. आमच्या गावात लोकवर्गणी म्हणजे उचल, अर्थात ऊसतोडीसाठी मिळणारी आगाऊ रक्कम. मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, उचल वाटतानाच प्रत्येक कोयत्यामागे 500 रुपये कापून घेतले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. 62 कोयत्यांचे 31,000 रुपये झाले, वरचे सरपंचांनी व मुकादमाने घातले आणि त्यातून 43 इंची टीव्ही, स्पीकर आणि इन्व्हर्टर आला.

उद्घाटन जानेवारी 2017 मध्ये झाले, कारण साहेबांना तेव्हाच वेळ होता. ज्या आईबापांच्या उचलीतून टीव्ही आला होता ते त्या दिवशी उसाच्या फडात होते आणि त्यांची 27 मुलेही तेथेच होती. छायाचित्रात वर्ग रिकामा दिसू नये म्हणून शेजारच्या वस्तीवरची मुले आणून बसवण्यात आली. मी फीत धरून उभा होतो, म्हणजे मीही त्यात सामील होतो. पुढच्या शिक्षण परिषदेत मी एवढेच विचारले की, पैसे ज्यांचे आहेत त्यांच्या मुलांपर्यंत या टीव्हीतले काही पोहोचवण्याची सोय आपण करणार आहोत की नाही. केंद्रप्रमुख सर्वांसमोर हसून म्हणाले, “गुरुजी, तुम्हाला तंत्रज्ञानाची भीती वाटते. तंत्रस्नेही व्हायला मन तरुण लागते.” तंत्रस्नेही शिक्षकांची जी यादी त्या महिन्यात वर गेली, तिच्यात माझे नाव नव्हते. जूनमध्ये थकीत बिलापोटी शाळेची वीज तोडली गेली. सादिल (शाळेच्या किरकोळ खर्चाचे अनुदान) आलेले नव्हते आणि बिल भरण्यासाठी पुन्हा वर्गणी मागण्याचे माझ्यात धैर्य नव्हते. टीव्ही बेडशीटमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवला. तक्त्यात मात्र आमची शाळा पुढची तीन वर्षे डिजिटलच राहिली.

आता ज्या कारणासाठी मी लिहायला बसलो ते सांगतो. 2018 च्या हंगामात तिसरीतील एक मुलगी आईबापांबरोबर कोल्हापूरकडच्या फडावर गेली. शिक्षण हमी पत्रक मी नियमाप्रमाणे दिले होते. ते दाखवले की त्या भागातील शाळेत मुलाला बसता येते. परंतु आई पहाटे चारला फडात गेल्यावर कोपीत, म्हणजे फडावरच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायला दुसरे कोणी नसते, म्हणून ते पत्रक पत्र्याच्या पेटीतच राहते. डेटा तोपर्यंत स्वस्त झाला होता आणि तिच्या वडिलांकडे स्मार्टफोन आला होता. मी ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाच्या एका जुन्या अंकातील गोष्ट घेतली, तिची सहा-सात वाक्ये मोठ्या अक्षरांत वहीच्या कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला, सोबत माझ्या आवाजातील वाचन पाठवले आणि सांगितले की रात्री वडील आले की तू वाचून पाठव.

चौथ्या दिवशी तिचा आवाज आला. मागे बैलांच्या घुंगुरमाळा वाजत होत्या आणि भाऊ रडत होता. ती ‘पुस्तक’ला ‘पुसतक’ वाचत होती, प्रत्येक जोडाक्षराला अडत होती आणि जेथे अडे तेथे मनाने शब्द घालून पुढे जात होती. ही मुलगी दोन वर्षे माझ्या वर्गात, माझ्यापासून सहा फुटांवर बसली होती आणि मला हे कधी ऐकू आले नव्हते, कारण वर्गात आपली मुले एका सुरात वाचतात आणि त्या सुरात अशी चूक बुडून जाते. तिचा एकटीचा आवाज मी प्रथम ऐकला तो साडेतीनशे किलोमीटरवरून. त्यानंतर मी दर दोन दिवसांनी केवळ जोडाक्षरांची वाक्ये पाठवू लागलो. संक्रांतीच्या सुमारास वडिलांचा फोन आला. “गुरुजी, पोरगी फोन सोडीना झालीय. मुकादमाला लावायचा तरी तिला मागावा लागतुय.” एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा ‘असर’च्या (मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ग्रामीण पाहणीच्या) वाचनपत्रिकेतील दुसरीच्या पातळीची गोष्ट तिने एकदाच अडखळून वाचली, ऑक्टोबरमध्ये ती सुट्या शब्दांवर होती.

हे मी केंद्रप्रमुखांना ऐकवले. ते म्हणाले की व्हॉट्सॲपवर आवाज पाठवणे याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की, ज्या साधनामुळे शिक्षकाला एकेका मुलाचे वाचन ऐकू येते तेच साधन कामाचे, आणि ज्यात मुले केवळ समोर बघत बसतात ते कितीही महाग असले तरी भिंतीचीच शोभा आहे.

आता तुमच्या यादीकडे येतो. बालभारती 1971 पासून ‘किशोर’ मासिक काढते आणि त्याचे जुने अंक तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मराठी वाचनासाठी याहून मोठा साठा मला माहीत नाही, आणि तरीही दहा शिक्षकांना विचारले तर सात जणांनी तो उघडलेला नसतो. प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ 2015 मध्ये सुरू झाले. तेथे मराठीतील चित्रगोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या उतरवून घेता येतात, आणि मुक्त परवान्यामुळे मूळ लेखक-चित्रकारांचे श्रेय देऊन त्यांचे भाषांतरही करता येते. आम्ही एक गोष्ट मुलांच्या घरच्या बोलीत करून घेतली, तेव्हा वर्षभर तोंड न उघडणारा एक मुलगा “असं न्हाय म्हणत आमच्यात” म्हणून उभा राहिला. ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक संकेतस्थळ 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड तेथेच नेतो. घटक घरी उतरवून ठेवावा आणि आधी स्वतः पूर्ण पाहावा. काही चित्रफितींत पाठच वाचून दाखवलेला असतो आणि ते काम तुम्हाला अधिक चांगले येते.

विज्ञान-गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे पडद्यावर करून पाहायच्या प्रयोग-खेळांचे संकेतस्थळ आहे, जे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केले. त्यातील अनेक खेळ मराठीत आहेत आणि एकदा उतरवले की इंटरनेटविना चालतात. फळीच्या दोन बाजूंना वजने ठेवून तोल साधण्याचा त्यातला खेळ चौथीची मुले तासभर खेळतात.

तरीही मला एकच संकेतस्थळ ठेवायला सांगितले, तर मी अरविंद गुप्ता यांचे ठेवीन. आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन हा माणूस होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व काडेपेटीच्या काड्या एवढ्यावर भूमिती शिकवू लागला; पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके विनामूल्य आहेत. मी त्यांच्या पद्धतीने काड्यांचा चौकोन केला. तो दाबला की कलंडतो. मग त्रिकोण केला. तो हलत नाही. हे का होते, असे मी विचारण्यापूर्वीच फडावरून आलेला एक मुलगा म्हणाला, “म्हणूनच कोपी तिकोनी असती, सर, वाऱ्यानं पडत न्हाय.” या तासाला मला ना वीज लागली ना पडदा, मी फक्त आदल्या रात्री फोनवर कृती पाहिली होती.

दुसरा प्रश्न तुम्ही सध्याच्या अडचणींविषयी विचारला आहे. सर्वांत वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक आहे, त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. तुम्ही ती देऊनच आला आहात. मला 22 वर्षे शिकवून झाल्यावर द्यायची आहे. निकाल मला अन्यायाचा वाटतो. अभ्यास मात्र सुरू केला आहे, आणि खरे सांगायचे तर बालमानसशास्त्राचा भाग पुन्हा वाचताना मला माझ्याच जुन्या चुका दिसत आहेत.

त्याखालोखाल माहिती भरण्याचे काम येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण ‘लिंक’ (माहितीचा ऑनलाइन फॉर्म) भरणे हे काम कोणत्या वर्गात मोडते हे कलम सांगत नाही. हजेरी, पोषण आहार, यूडायस (शाळेची माहिती), अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), चाचण्यांचे गुण, आणि प्रत्येकापुढे ‘आजच्या आज’. शिक्षकांमध्ये हातोहात फिरणारे ऑनलाइन साधन कोणते असेल, तर माझ्या अनुभवात ते प्रत्येक मुलाच्या प्रगतीविषयी लिहायच्या ‘वर्णनात्मक नोंदीं’ची तयार पीडीएफ आहे. मुलाविषयी स्वतः पाहून लिहायचे वाक्य आपण दुसऱ्याने कोणाविषयी तरी लिहिलेल्या यादीतून उचलतो आणि आता तेच काम एआयकडून करून घेऊ लागलो आहोत. तुम्ही कृपया हे करू नका. नोंदी उशिरा गेल्या तर नोटीस येते, तिचे उत्तर देता येते. भाषा धोरण आणि कमी पटाच्या शाळा यांवर इतरांनी येथे भरपूर लिहिले आहे. ‘असर’च्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या केवळ 23.4 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, हा आकडा त्या चर्चांत फारसा कोणी काढत नाही, म्हणून तो येथे नोंदवतो.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. 2018 मध्ये 24 मुले गेली होती. त्यांपैकी 11 जणांचे नंबर मला मिळाले, सहा जणांनी जानेवारीपर्यंत वाचन पाठवले आणि होळीनंतर चारच उरले. दोन मुले परतली ती अक्षरे विसरून. त्या तिसरीतील मुलीचे वडील रोज संध्याकाळी फोन हातात देणारे होते, हे माझ्या तंत्रस्नेहाचे श्रेय नव्हे. टीव्हीविषयीही मी सरसकट बोललो. ज्या शाळांत वीज आहे आणि मुले वर्षभर असतात, तेथे तो चांगला वापरणारे सहकारी मी पाहिले आहेत. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारे हंगामी वसतिगृह नीट चालले तर माझ्या या सगळ्या खटाटोपाची गरजच राहत नाही, तेव्हा तुमच्या गावातून स्थलांतर होत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडून त्याचा प्रस्ताव वेळेत पाठवा. आणखी एक काळजी घ्या. मुलांचे आवाज व फोटो गटावर टाकू नका. आईबापांच्या फोनवरून आलेले तुमच्या फोनमध्येच राहू द्या.

आमच्याकडे दिवाळीची सुट्टी लागायच्या आत टोळ्यांची बांधाबांध सुरू होते, म्हणून या आठवड्यात मी घरोघर जाऊन नंबर लिहून घेत आहे. यंदा 19 मुले जाणार आहेत. काल रात्रीपर्यंत 13 नंबर मिळाले. दोन घरांत फोन मुकादमाच्या मुलाकडे असतो, त्याला आज संध्याकाळी भेटायचे आहे.